नवव्या आकृतीची पाळी

निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये आणलेला ‘फॅमिकॉम’ हा टीव्हीला जोडून खेळण्याचा संगणक महाराष्ट्रातील घरांत १९९०च्या दशकात मुख्यतः नकलांच्या रूपाने आला, आणि त्याच्या खेळपेटीला सर्वत्र ‘कॅसेट’ म्हटले जाऊ लागले. पडद्यावर गर्दी झाली की शत्रू आणि गोळ्या लुकलुकू लागत. त्यामुळे यंत्र बिघडल्यासारखे वाटे, पण वास्तविक ते विचारपूर्वक केलेले वाटप होते.

पूर्ण चित्र साठवण्याइतकी स्मृती या यंत्रात नसल्यामुळे त्याची चित्र-चिप पडद्यावरची प्रत्येक आडवी रेषा उमटत असतानाच तयार करते. ‘स्प्राइट’ म्हणजे पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे हलणारी आकृती; अशा ६४ आकृतींची यादी चिपपाशी असते, परंतु एक रेषा संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या अवकाशात आठच आकृतींची रूपे वाचून होतात आणि यादीतली नववी त्या रेषेवर उमटत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील पणदऱ्यासारख्या गावाला ही अडचण परकी नाही, कारण कालव्याची वहनक्षमता ठरलेली असली की सगळी शिवारे एकदम भिजत नाहीत, आणि पाळी लावली नाही तर शीर्षाकडच्याचे भागते व शेपटाकडचा कोरडा राहतो. चिपचा कलही असाच, यादीत आधी असलेल्याकडे, कायमचा असतो. शेजपाळीसारखी व्यवस्था तिच्या रचनेत मुळीच नाही. ती आज्ञावलीकारांनी आणली: दर चित्राला यादीचा क्रम बदलल्याने वगळली जाणारी आकृती प्रत्येक वेळी वेगळी ठरते, आणि कोणीही कायमचे अदृश्य होण्याऐवजी सारेच थोडेथोडे लुकलुकतात. या यंत्राच्या इतिहासातील ही सर्वांत सुंदर युक्ती मानावी लागेल. नववी आकृती आल्याची सूचना देणारी खूणही चिपमध्ये आहे, पण आठ आकृती सापडल्यावर पुढच्या नोंदी तपासताना चिप चुकीचे आकडे वाचते, त्यामुळे त्या खुणेवर फारसे कोणी विसंबले नाही.

नकलांनी आणखी वैशिष्ट्ये जोडली. जपानी टीव्ही सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवत असे, तर भारतातील ‘पाल’ पद्धतीचा टीव्ही ५०. म्हणून अशा टीव्हींसाठी तैवानमध्ये घडवलेल्या चिपांत चित्र संपल्यानंतरचा विसावा लांबवला गेला, ज्यामुळे मूळ खेळ न बदलता चालत, मात्र सुमारे एक षष्ठांश संथ होत. शिवाय अनेक नकली चिपांत ध्वनिलहरींच्या दोन रूपांची अदलाबदल झाल्याने सुरावट तीच राहून तिचा पोत बदलला. त्यामुळे येथील खेळांची नोंद करताना केवळ जपानी यंत्र प्रमाण धरणे अपुरे आहे. या नकलाही तितक्याच काळजीने जतन व्हायला हव्यात.