आरोप आणि आपपरभाव

सत्ताधीशावर आरोप आला म्हणजे आपल्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात: ‘यानें काय केलें?’ आणि ‘हा कोणाचा?’ पहिला प्रश्न न्यायाचा, दुसरा पक्षाचा. दोन्ही मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्याचें उत्तर मिळतांच पहिला विचारण्याची गरज ज्या समाजास वाटेनाशी होते, त्या समाजांत ‘अपराध’ या शब्दास अर्थ उरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेचें उदाहरण घ्या. १९७४ च्या जुलै महिन्यांत अध्यक्ष निक्सन यांच्याविरुद्ध महाभियोगाचें पहिलें कलम प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीनें २७ विरुद्ध ११ मतांनीं संमत केलें. निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या १७ सभासदांपैकीं ६ जणांनीं त्यास मत दिलें. सिनेटमधील पाठिंबा सरला आहे हें पुढें स्वपक्षीय पुढाऱ्यांनींच त्यांस सांगितलें, व ९ ऑगस्ट रोजीं त्यांनीं पद सोडलें. डिसेंबर २०१९ मध्यें अध्यक्ष ट्रंप यांच्यावर महाभियोग आला, तेव्हां प्रतिनिधिगृहांतील एकाही रिपब्लिकनानें त्यास मत दिलें नाहीं. सिनेटमध्यें एकट्या रॉम्नी यांनीं पक्षाची रेषा ओलांडली. २०२१ च्या दुसऱ्या महाभियोगांत ही संख्या सातावर गेली, तरी लागणाऱ्या ६७ मतांऐवजीं ५७ च पडलीं. आरोप निराळे होते. निकाल एकच लागावयास हवा होता असें आम्ही म्हणत नाहीं. खटकतें तें इतकेंच कीं, सभासदाचा पक्ष कळला म्हणजे त्याचें मतही आधींच कळावें.

परंतु परक्यांस हसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. गोंदियाहून एक लोहमार्ग पश्चिमेस नागपुरास जातो, दुसरा उत्तरेस बालाघाटावरून जबलपुरास. १९३८ सालीं गोंदिया भंडारा जिल्ह्यांत होतें, आणि जुन्या मध्यप्रांताचे मराठी नागपूर व हिंदी महाकोशल हे भाग याच टापूंत एकमेकांस भिडत. त्या वर्षाच्या जुलैंत मुख्य प्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांनीं राजीनामा दिला. महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे तीन मंत्री राजीनामा देईनात. तेव्हां गव्हर्नरांनीं त्यांस बडतर्फ केलें आणि खरे यांनीं नवें मंत्रिमंडळ बनविलें. लागलीच काँग्रेस कार्यकारिणीनें खरे यांस दोषी ठरविलें. त्यांस पायउतार व्हावें लागलें, व शुक्ल मुख्य प्रधान झाले.

खरे यांच्या मतें ही श्रेष्ठींची हुकूमशाही, कार्यकारिणीच्या मतें हा शिस्तभंग. आम्हांस दोहोंतही तथ्य दिसतें. परक्या सत्तेच्या गव्हर्नराकरवीं सहकाऱ्यांस घालविणें अनुचित होतें. आणि विधिमंडळास जबाबदार असलेल्या मुख्य प्रधानास पक्षसमितीनें उतरवावें, हाही प्रश्न लहान नव्हता. पण नागपूरकडे तोंड करून बसणाऱ्यास एकच दिसे, जबलपूरकडे पाहणाऱ्यास दुसरेंच.

त्याच मंत्रिमंडळाच्या वेळीं, त्याच वर्षीं, दुसरा मार्गही दिसला होता. मंत्री शरीफ यांनीं बलात्काराच्या गुन्ह्यांतील शिक्षेची मुदत संपण्यापूर्वीं सुटका केल्याचें प्रकरण उठलें, तेव्हां काँग्रेसनें तें निवृत्त न्यायाधीश सर मन्मथनाथ मुकर्जी यांच्यापुढें ठेविलें, आणि शरीफ यांस मंत्रिपद सोडावें लागलें. आरोपी आपला होता. तरी ‘काय केलें?’ हा प्रश्न आधीं विचारला गेला, आणि तोही तिऱ्हाइताकडून.

व्यवहारी वाचक म्हणेल, ‘आम्हीं आमचा दोष कबूल केला आणि प्रतिपक्षानें त्याचा केला नाहीं, तर राज्य त्याच्याच हातीं जाणार नाहीं काय?’ ही भीति खोटी नाहीं. प्रामाणिकपणाची किंमत बहुधा प्रामाणिकासच मोजावी लागते. परंतु ज्या पक्षानें आपल्या मनुष्याचा एक अपराध पोटांत घातला, त्यास दुसराही घालावा लागतो. आणि उद्यां प्रतिपक्षाच्या खऱ्या अपराधावर त्यानें बोट ठेविलें, तर त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

राजकारणी पुरुष सुधारतील तेव्हां सुधारोत. घरीं वर्तमानपत्र वाचणाऱ्यास एक गोष्ट आजच करतां येईल. आरोपाची बातमी वाचल्यावर त्या नांवाच्या जागीं दुसऱ्या पक्षांतील नांव घालून ती पुन्हां एकदां वाचावी. आपला निकाल बदलला, तर तो आपण दिलेला नसून पक्षानें दिलेला आहे असें समजावें. शेजारीं बसलेलीं मुलें आपलें बोलणें ऐकत असतात. न्याय म्हणजे काय, हें तीं शाळेपेक्षां तेथेंच अधिक शिकतात.