गळ्यात माळ, डोक्यावर देणे





गेल्या श्रावणातील एकादशीची गोष्ट. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली. आम्ही उपरणे झटकून जरा टेकतो न टेकतो, तोच मांडवाच्या खांबाआडून एक गृहस्थ पुढे आले. वीस वर्षांची त्यांची पायी वारी. दिंडीत मागच्या रांगेत निमूटपणे टाळ धरणारे. त्यांनी पायांवर डोके ठेवले आणि उठेचनात. मग हळूच म्हणाले, "महाराज, माळ उतरवून ठेवू का?"

आम्ही चपापलो. माळ घालणे सोपे नाही, पण उतरवणे त्याहून कठीण. विचारले, "माऊली, असे काय घडले?"

"कर्ज झालंय महाराज. चार ठिकाणी. सावकार दारात आला की पोरगं सांगतं, बाबा घरी नाहीत. अन् मी आत बसून हरिपाठ म्हणत असतो. घरच्या मंडळींना दोनच कर्जं ठाऊक आहेत, बाकीची मी लपवली. रोज खोटं बोलणाऱ्याच्या गळ्यात तुळस कशाला? कधी कधी तर वाटतं, हा जीवच नको."

सज्जनहो, कीर्तनाच्या पाटावर उभे राहून संसार असार आहे असे सांगणे आम्हांस फार सोपे जाते. पण अर्ध्या रात्री समोर बसलेल्या माणसाला काय सांगावे? आम्ही एवढेच म्हणालो, "माळ राहू द्या. उद्या सकाळी आम्ही तुमच्या घरी येतो. एक कोरी वही आणून ठेवा." त्या रात्री त्यांच्या थोरल्या भावाला सोबतीला झोपायला सांगितले. जिवावर उदार झालेल्या माणसाला एकटे सोडू नये, हा पहिला धर्म. हा नरदेह पांडुरंगाची ठेव आहे. तो कोणत्याही सावकाराकडे तारण पडलेला नाही. तेव्हा कर्जापायी तो मोडून टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनापाशी घोंगडी अंथरून बसलो. त्यांच्या बाईंनाही बोलावले. वही उघडली आणि चारही देणी एकेक करून लिहिली. सोसायटीचे पीककर्ज. बँकेत सोने तारण ठेवून काढलेले. वाण्याची उधारी. आणि चौथे, गावातल्या एका सावकाराचे ५०,००० रुपये, दरमहा शेकडा तीन व्याजाने. चौथे देणे लिहिताना त्यांचा आवाज बसला. बाई दारच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. आम्हांस वाटले, आता रडारड होणार. त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटत होतं तुमचं दुखणं लपवताय. कर्जच ना? मग दोघं मिळून फेडू." कर्जाचा निम्मा भार पैशाचा असतो, निम्मा लपवण्याचा. त्यातला एक निम्मा त्या क्षणी उतरला.

येथे आम्हांस श्रीएकनाथ महाराजांची आठवण झाली. देवगडावर जनार्दनस्वामींच्या घरी असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एके दिवशी एका पैचा मेळ लागेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि पहाटेच्या सुमारास चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी पाहिले आणि म्हटले, एका पैच्या चुकीसाठी एवढे चित्त लागते, ते देवाकडे लावलेस तर काय होणार नाही! ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल, पण नेहमी शेवटच्या वाक्यावर भर देऊन. तिच्यातला आधीचा भाग आमच्या ध्यानी त्या अंगणात आला. ज्याला एका पैची चूक सोसवत नव्हती, तोच पुढे नाथ झाला. हिशेब हा परमार्थाचा शत्रू नव्हे. चित्त एकाग्र करण्याची ती पहिली यत्ता आहे.

मग मांडला हिशेब. हे गृहस्थ सावकाराला दरमहा १,५०० रुपये देत होते. दोन वर्षे नेमाने दिले, म्हणजे ३६,००० रुपये गेले. आणि मुद्दल? जसेच्या तसे ५०,०००. कारण पन्नास हजारांचे शेकडा तीनने महिन्याचे व्याजच दीड हजार होते. बैल घाण्याभोवती दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तिथेच असतो, तशी गत. त्याऐवजी दरमहा २,५०० दिले तर ३१ महिन्यांत कर्ज संपते. ३,५०० दिले तर १९ महिन्यांत. पाहा बरे, महिन्याला हजार रुपये अधिक दिले की पुरे एक वर्ष वाचते आणि सुमारे ११,००० रुपये घरात राहतात. हे गणित सावकाराला तोंडपाठ असते. आपल्याला नसते, एवढाच काय तो फरक.

आता हजार-दोन हजार आणायचे कुठून? दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येई, आणि आला तसा जाई. तेव्हा आठ दिवस प्रत्येक खर्च वहीत लिहायचा, कमी करायचा नाही, नुसता लिहायचा, असे ठरले. आठ दिवसांनी पाहतो तो, स्टँडवरचा चहा आणि तंबाखू मिळून रोजचे ४० रुपये, म्हणजे महिन्याचे १,२००. काम नसता तालुक्याला मोटारसायकलीच्या दोन खेपा. हप्त्याने घेतलेला मोबाईल, तोही शेजाऱ्याने घेतला म्हणून. गृहस्थ खजील झाले. आम्ही म्हटले, "लाजू नका. भोक दिसल्याशिवाय घागर लिंपता येत नाही."

पगार आला की त्याच दिवशी त्याचे वाटे करायचे, असा नेम त्या घराने धरला. पहिला वाटा धान्य, औषध आणि मुलांच्या शाळेचा. दुसरा सर्व देण्यांच्या ठरलेल्या हप्त्यांचा. तिसरा, उरेल ते सगळे, सर्वांत जड व्याजाच्या कर्जाच्या मुद्दलात. ते फिटले की तोच पैसा पुढच्या कर्जाकडे वळवायचा. आणि एक लहानसा डबा बाईंच्या हाती, त्यात पगारागणिक शंभर रुपये. कारण म्हैस आजारी पडली आणि घरात दमडी नसली, की पाय पुन्हा सावकाराच्याच पायरीकडे वळतात. जुने फेडायला नवे कर्ज काढायचे नाही. काढलेच तर व्याज निश्चित कमी असेल तरच, आणि त्या पैशाने जुने त्याच दिवशी मिटवून. फोनवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्यांच्या वाटेला तर जायचेच नाही.

याशिवाय एक व्रत आम्ही सुचवले. वर्षाला चोवीस एकादश्या येतात. आपण उपवास करतो, पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच पडलेली नाही! साबुदाणा, शेंगदाणे, वेफर, केळी. रोजच्या भाकरीपेक्षा उपवासच महाग. तेव्हा त्या दिवशी खर्चाचीही एकादशी करा. औषधपाणी सोडून त्या दिवशी गाठीचा पैसा सोडायचा नाही. घरात असेल ते, एकवेळ, आणि नाम. वाचलेले पैसे डब्यात. देवाला हा उपवास कमी आवडेल असे आम्हांस वाटत नाही.

कोणी म्हणेल, "महाराज, तुकोबांनी तर कर्जखते इंद्रायणीत बुडवली. तुम्ही आम्हांला वह्या लिहायला सांगता!" खरे आहे, बुडवली. पण कोणती? इ. स. १६३० च्या सुमाराच्या त्या घोर दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले, घरची माणसे अन्नावाचून गेली, तेव्हा उपाशी मरणाऱ्याची वेदना त्यांनी अंगावर सोसली होती. पुढे त्यांनी घरातली खते काढली, निम्मी धाकटा भाऊ कान्होबा यांना वाटून दिली, आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात सोडली. लोकांकडून यायचे होते ते सोडले, हो! लोकांचे द्यायचे होते ते नव्हे. आणि भावाचा वाटाही बुडवला नाही. देणे असणाऱ्याने या कथेतून पळवाट काढू नये. घेणे असणाऱ्याने मात्र ती जरूर ऐकावी. ज्याच्या पेटीत गोरगरिबांच्या चिठ्ठ्या आहेत आणि गळ्यात माळही आहे, त्याला तुकोबांचा प्रश्न आहे. आम्ही वेगळा विचारीत नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचीही गोष्ट घ्या. दुष्काळात त्यांनी बादशहाचे कोठार भुकेल्यांना मोकळे केले. संकट आले तेव्हा पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला. देवाला बादशहाची बुद्धी फिरवता आली नसती का? पण त्याने तसे केले नाही. धान्याची पुरी किंमत मोजली, आणि पावती मागून घेतली! साक्षात जगाचा मालक पैसे भरून पावती घेतो, आणि आपण? "विश्वासाचा माणूस आहे" म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा देतो. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या जुन्या धर्मशास्त्रातलाच आहे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदाही आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या, म्हणजे सहकार खात्याच्या, कार्यालयात करता येते. न्याय मागणे म्हणजे देणे बुडवणे नव्हे. तसेच, हप्ता जमणार नसेल तर तारखेच्या आधी स्वतः जाऊन सांगा. पोराला खोटे बोलायला लावू नका. पैशाचे कर्ज फिटते. पोराच्या मनावर चढलेले फिटत नाही.

आता आमची गोष्ट. ती सांगितल्यावाचून हे प्रवचन खरे होणार नाही. वही लिहिताना आम्ही सहज विचारले, "हे पन्नास हजार कशाला काढलेत?" गृहस्थ बोलेनात. बाईच म्हणाल्या, "सप्ताहाच्या काल्याचा महाप्रसाद आमच्याकडं होता ना महाराज, तुमचंच कीर्तन होतं." आम्हांस सारे आठवले. त्या दिवशी आम्ही पाटावरून यजमानांची केवढी स्तुती केली होती! "असे दातृत्व पाहिजे," म्हणालो होतो. मंडळींनी टाळ्या पिटल्या होत्या. आणि पाच हजारांची बिदागी घेऊन आम्ही घरी आलो होतो. ती बिदागी शेकडा तीन व्याजाची होती. दोन वर्षे हा माणूस आमच्या स्तुतीचे व्याज भरत होता.

ते पाच हजार आम्ही परत नेऊन दिले. ते घेईनात. आम्ही म्हटले, "हा दानधर्म नव्हे, आमचे देणे आहे. वहीत जमा मांडा." ते तसेच सावकाराच्या मुद्दलात भरले आणि पावती घेतली. यापुढे सप्ताहाचे यजमानपद कोणी घेतो म्हणाला तर आम्ही आधी एकांतात विचारतो, "पैसा घरचा आहे ना?" नसेल तर पंगत गावाने मूठमूठ धान्य जमवून करावी, झुणकाभाकर करावी. कीर्तनकार बंधूंनाही आमची हात जोडून विनंती आहे की, पाटावरून दात्याची रक्कम सांगून दुसऱ्याला डिवचू नका. ऋण काढून केलेल्या अन्नदानात पहिला घास त्या घरच्या लेकरांच्या तोंडचा असतो.

शेवटी त्या गृहस्थांनी विचारले, "मग महाराज, फिटेपर्यंत वारी बंद ठेवू?" आम्ही म्हणालो, पुंडलिकाकडे पाहा. देव दारी आला असता त्याने आईबापांची सेवा सोडली नाही. वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, रागावला नाही, अजून उभा आहे. हातातले कर्तव्य पुरे करणाऱ्यासाठी तो थांबतो, हेच तर आपले दैवत! म्हणून वारीसाठी उसने काढू नका. भिशीचे पैसे नसतील तर दिंडीत पाण्याची, स्वयंपाकाची सेवा मागा. तेही न जमले तर गावच्या वेशीपर्यंत पालखी पोहोचवा आणि कामावर या. विठ्ठल तुमची हजेरी मांडील. वारी पायांनी होते, पतीने नव्हे.

सावकाराला दरमहा साडेतीन हजार जाऊ लागले. या आषाढीपर्यंत अकरा हप्ते झाले आणि मुद्दल साडेसतरा हजारांच्या आत आले. कर्ज अजून फिटलेले नाही. सोसायटीचे आहे, सोनेही बँकेतच आहे. पण या वर्षी ते गृहस्थ आमच्या दिंडीत होते, स्वयंपाकाच्या ट्रकवर भांडी उचलीत. वाखरीच्या मुक्कामी त्यांनी पिशवीतून वही काढून दाखवली. पहिल्या पानावर बाईंच्या हातचे 'श्रीविठ्ठल' लिहिलेले, आणि खाली एकेक पावती चिकटवलेली. म्हणाले, "महाराज, परवा सावकार आला तेव्हा पोरगं म्हणालं, बाबा घरी आहेत, या बसा."

आम्हांस त्या दिवशीची चंद्रभागा तेथेच भेटली.

ज्यांच्या डोक्यावर देणे आहे त्यांनी आजच वही उघडावी, घरच्या माणसांपासून काही लपवू नये, आणि माळेला हात लावायचा तो जपासाठीच. पांडुरंग सर्वांना ऋणातून मोकळे करो आणि तोवर खरे बोलण्याचे बळ देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

पुंडलीक वरदे हारि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!