दान आणि आमिष



आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातल्या, ख्रिस्ती माणसाला आयुष्यात एकदा तरी एक टोमणा ऐकावा लागतो. 'तुमचे आजे-पणजे कशापायी ख्रिस्ती झाले, ते आम्हाला ठाऊक आहे.' कुणी तो थट्टेत मारतो, कुणी रागाने. रोख एकच असतो. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, दुष्काळात धान्य वाटले; ते दान नव्हते, ते आमिष होते. यावर आपण एक तर चिडतो, नाहीतर मान खाली घालतो. पण मूळ प्रश्नाला हात घालत नाही. दान कशाला म्हणायचे आणि आमिष कशाला? दोन्हींत देणाऱ्याचा हात पुढे येतो, दोन्हींत घेणाऱ्याची गरज भागते. मग फरक कुठे आहे?

उत्तर शोधताना आपलीच गोष्ट आधी घेतली, तर आपण आपलीच वकिली करू. म्हणून दुसऱ्यांची गोष्ट घेऊ या. ख्रिस्ती धर्मगुरूंनी ज्यांना पुष्कळ दिले आणि तरीही जे ख्रिस्ती झाले नाहीत, अशा लोकांची.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून वाचलेले ते आमचे पूर्वज, असे ते सांगतात. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. आडनावेही गावांवरून पडलेली: किहिमकर, राजपूरकर, दिवेकर. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली होती. पण हिब्रू जाणणारे फार थोडे उरले होते, आणि मोशेचे व संदेष्ट्यांचे ग्रंथ मराठीत नव्हते.

अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले आणि डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश धर्मगुरू १८२९ मध्ये. आपल्याकडे नगरला १८३१ मध्ये काम सुरू करणारे मिशन तेच अमेरिकन मिशन. हे सगळे प्रॉटेस्टंट होते. त्यांचे श्रेय आपण कॅथलिकांनी घेण्याचे कारण नाही. त्यांनी बेने इस्रायल मुलांना आपल्या शाळांत घेतले, त्यांच्यातल्याच माणसांना मास्तर म्हणून नेमले, आणि जुना करार मराठीत आणला. विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. कोकणातल्या तेल्याच्या मुलाला मोशेची भाषा शिकता यावी, म्हणून एका ख्रिस्ती धर्मगुरूने हे कष्ट उपसले.

हेतू काय होता? तो लपलेला नव्हता. जुना करार नीट वाचला की हे लोक येशूला मसीहा म्हणून ओळखतील, अशी त्यांची आशा होती. पण घडले वेगळेच. फार थोडे ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी व्याकरण घेतले, ग्रंथ घेतले, आणि ते आणखी चांगले यहुदी झाले. कोचीच्या यहुदी शिक्षकांचेही त्यांना साहाय्य झाले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यात मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याची नोंद आदराने केलेली आहे. उपकार मानले, धर्म मात्र सोडला नाही.

आता सांगा, विल्सन यांचे व्याकरण हे दान होते की आमिष? केवळ हेतू पाहिला तर कुणी आमिष म्हणेल. पण निव्वळ हेतूवर निकाल देऊ लागलो, तर जगात दान म्हणून काही उरणारच नाही. आई मुलाला घास भरवते तेव्हाही म्हातारपणाची आशा कोपऱ्यात कुठेतरी असते. माणसाचे मन भेसळीचे असते आणि ते पुरते फक्त देव पाहतो. आपल्याला दिसते ते एवढेच, की घेणाऱ्याने 'नाही' म्हटल्यावर देणाऱ्याने काय केले. गळाला लागला नाही तर कोळी आमिष परत ओढून घेतो. विल्सन यांनी पुस्तके परत मागितली नाहीत. ज्यांनी ख्रिस्त स्वीकारला नाही त्यांच्या मुलांसाठीही मिशनच्या शाळांची दारे उघडी राहिली. म्हणून मी त्याला दान म्हणतो.

याच कसोटीची एक गोष्ट आपल्या नगरचीही आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. शेवटी १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. मराठीत एका धर्मगुरूविषयी इतके खरे पुस्तक क्वचितच असेल, कारण ते लिहिणाऱ्या बाईने आधी पाच वर्षे 'नाही' म्हटले होते. ज्या घरात 'नाही' म्हणायला जागा होती, त्या घरातल्या 'हो' ला किंमत आली.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा इंग्रज सरकारने भारतातल्या जर्मन नागरिकांना पकडून नगरच्या छावणीत ठेवले. त्यांत जर्मन मिशनरी होते आणि हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून आलेले यहुदी निर्वासितही होते. एकाच तारेच्या कुंपणात दोघे. युरोपात मात्र त्या वर्षांत यहुद्यांसाठी कुंपण नव्हते, मरण होते. तिथे किती धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी दार उघडले, किती गप्प राहिले, यावर आजपर्यंत पुस्तकांवर पुस्तके निघत आहेत. बारावे पायस यांच्यावर ठपका ठेवणारे नाटक १९६३ मध्ये आले, १९९९ मध्ये 'हिटलर्स पोप' हे पुस्तक आले, आणि त्यांची बाजू मांडणारी पुस्तकेही तितकीच आली. २०२० मध्ये व्हॅटिकनने त्या काळची दफ्तरे अभ्यासकांना खुली केली. २०२३ मध्ये रोममध्ये एक जुनी यादी उजेडात आली. शहरातल्या १०० धर्मभगिनी संघांनी आणि ५५ धर्मबंधू व धर्मगुरूंच्या संघांनी ४,३०० हून अधिक लोकांना आसरा दिल्याची ती नोंद आहे. त्यांपैकी ३,६०० जणांची नावे तिच्यात आहेत आणि त्यांतले ३,२०० जण निश्चितपणे यहुदी होते. हे वाचून ऊर भरून येतो.

पण फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहराची गोष्ट वाचली की मान खाली जाते. रॉबर्ट आणि जेराल्ड फिनाली ही दोन यहुदी भावंडे. १९४४ मध्ये आईवडिलांना नाझींनी नेले, ते परतले नाहीत. मुले तान्ही होती. धर्मभगिनींच्या मार्फत ती एका कॅथलिक बाईकडे आली. तिने त्यांना लपवले, जगवले. इथपर्यंत दान. युद्ध संपल्यावर मुलांच्या आत्यांनी मुले मागितली. बाईने दिली नाहीत. १९४८ मध्ये तिने त्यांचा बाप्तिस्मा करवला, आणि मग 'आता ती ख्रिस्ती आहेत' हेच न देण्याचे कारण झाले. १९५३ मध्ये न्यायालयाने मुले परत देण्याचा हुकूम केला, तेव्हा ती डोंगरापलीकडे स्पेनमध्ये पळवली गेली. या कामी धर्मगुरू आणि धर्मभगिनी तुरुंगात गेल्या. अखेर त्याच वर्षी मुले नातेवाइकांच्या हाती आली.

त्या बाईने मुलांचे प्राण वाचवले होते, यात शंका नाही. तिची मायाही खोटी नसेल. पण वाचवलेल्या जिवावर आपला हक्क आहे असे तिला वाटू लागले, तिथे दानाचे रूप पालटले. दान आणि आमिष या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, हे या गोष्टीवरून कळते. आज दिलेले दान उद्या आमिष होऊ शकते. त्याला फक्त 'आम्ही एवढे केले' एवढे शब्द पुरतात.

पवित्र सभेनेही हे शिकायला वेळ घेतला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदी लोकांविषयी नवी भाषा वापरली. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष साऱ्या यहुदी जातीवर टाकता येणार नाही, असे सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परिषदेने श्रद्धेच्या बाबतीत बळजबरी नको असे बजावले, आणि मिशनकार्यावरच्या आपल्या लेखात अयोग्य मार्गांनी माणसे ओढण्याला मनाई केली. म्हणजे आमिषाला विरोध करणारा कायदा सरकारने करण्याच्या आधी तो आपल्या घरात झालेला आहे. आपणच तो वाचलेला नसतो.

आणि परिषदेच्याही आधी तो येशूने शिकवला. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला. येशूने उरलेल्या नऊ जणांची विचारपूस केली, पण त्यांना दिलेले आरोग्य परत घेतले नाही. पौलाने रोमकरांस लिहिताना आपल्या यहुदी बांधवांविषयी हेच सांगितले. ते येशूला मानत नसले, तरी देवाने त्यांना दिलेली दाने आणि बोलावणे देव मागे घेत नाही. देवाच्या देण्याची रीत अशी आहे. आपली वेगळी कशी असेल?

इथे एक शंका येईल. मग आपण आपल्या श्रद्धेविषयी बोलायचेच नाही का? जरूर बोलावे, उघडपणे बोलावे. जे आपल्याला सर्वांत प्रिय ते दुसऱ्याला सांगावेसे वाटणे यात पाप नाही. फक्त औषध, धान्य किंवा फी यांच्या तराजूत ते घालू नये. दुसरी शंका अधिक अवघड आहे. भुकेल्या माणसाला 'नाही' म्हणता येते का? नाही येत. भुकेल्याचा होकार हा पुरता होकार नसतो, हे आपण मान्य केले पाहिजे. म्हणून पोट भरेपर्यंत देणाऱ्याने काही विचारूच नये, एवढी त्याची जबाबदारी मोठी.

आता आपल्या आजे-पणजांकडे वळू या. त्यांच्यातले काही दुष्काळात आले असतील. पण दुष्काळ सरले आणि ते राहिले. १९५० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढे १९५६ मध्ये शीख बांधवांना आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती दलितांना मिळाल्या नाहीत. म्हणजे १९५० नंतर फायदा ख्रिस्ती राहण्यात नव्हता, ख्रिस्ती नाही म्हणण्यात होता. मुलाची फी, नोकरी, सगळे पलीकडच्या काठावर. कुणी कागदावर एक आणि घरात एक असे ठेवले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार सुखात वाढलेल्या कुणालाही नाही. पण कितीतरी घरांनी तोटा पत्करला आणि क्रूस भिंतीवरून काढला नाही. टोमणा मारणाऱ्याला द्यायचे असेल तर हे उत्तर द्या, आणि तेही शांतपणे.

मात्र त्या आधी आपल्या घरातली भाषा तपासू या. 'बोर्डिंगमध्ये शिकला, सिस्टरांनी वाढवला, आणि आता मिस्साला फिरकत नाही.' 'फादरांनी नोकरीला लावला, आता ओळख देत नाही.' हे बोल आपल्या ओट्यावर रोज ऐकू येतात. असे बोलताना आपण त्या मुलाला गेलेले दान मागच्या दाराने आमिष करून टाकतो. तो आला तर आनंद. नाही आला तरी त्याचे शिक्षण त्याचेच. धर्मगुरूंची आणि धर्मभगिनींची चरित्रे वाचतानाही नुसते 'किती केले' एवढे पाहू नका. ज्यांनी त्यांचे ऐकले नाही त्यांच्याशी ते कसे वागले, ते पान शोधा. थोर माणूस त्या पानावर ओळखू येतो.

या आठवड्यात एवढे करू या. आपल्या मदतीने उभा राहिलेला आणि आता आपल्यापासून दूर गेलेला एक माणूस प्रत्येकाने आठवावा. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि भेटला तर मिस्साचा विषय न काढता त्याच्या मुलाबाळांची चौकशी करावी.