जाळीआडचे पाहणे

एखादी घटना पाहणे आणि ती टिपून ठेवणे या दोन क्रिया परस्परपूरक आहेत की परस्परविरोधी, हा प्रश्न छायाचित्रणकलेइतकाच जुना आहे. एरवी तो तात्त्विक चर्चेचा विषय होऊन राहतो. आइस हॉकीच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसापुढे मात्र तो प्रत्येक क्षणी प्रत्यक्ष उभा असतो.

मॉंट्रियल शहरात ३ मार्च १८७५ रोजी बंदिस्त सभागृहातील पहिला संघटित सामना झाला, तेव्हापासून या खेळाचा वेग वाढतच गेला आहे. उत्तर अमेरिकेतील रिंगण सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. त्यावरून धावणारी रबरी चकती, म्हणजे पक, अवघ्या ७.६ सेंटिमीटर व्यासाची असते. जोरकस फटक्यानंतर तिचा वेग ताशी १६० किलोमीटरच्याही पुढे जातो. त्या वेगाने ती सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे साडेचार सेंटिमीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून अधिक रुंदी ओलांडते. डोळ्यांची ही असहायता ओळखून फॉक्स या अमेरिकन दूरचित्रवाहिनीने १९९६ मध्ये पडद्यावर पकभोवती निळी प्रभा दाखवण्याचा प्रयोग केला. जाणत्या रसिकांना तो रुचला नाही आणि १९९८ नंतर तो थांबला. जे दिसत नाही ते अंदाजाने ओळखणे हा या खेळाच्या आस्वादाचाच एक भाग आहे, असा त्या नापसंतीचा अर्थ लावता येतो.

आसनावरून छायाचित्र घेणाऱ्याच्या अडचणी मात्र वेगाशी संपत नाहीत. बर्फाची शुभ्रता प्रकाशमापकाला फसवते. पांढऱ्याला मध्यम छटा मानण्याची त्याची सवय असल्याने बर्फ करडा उतरतो आणि खेळाडू काळवंडतात. प्रकाश छतावरून येत असल्यामुळे शिरस्त्राणाखालचे चेहरे सावलीत जातात. अधिस्वीकृतीधारक छायाचित्रकारासाठी काचेत खास छिद्रे असतात, छतावर झोतदिवे बसवलेले असतात. प्रेक्षकाच्या वाट्याला ओरखड्यांनी भरलेली काच, तिच्यातील प्रतिबिंबे, ऐन वेळी उठून उभा राहणारा पुढचा माणूस आणि गोलमागच्या आसनांवर जाळी येते. भिंग जाळीच्या जितके जवळ आणि त्याचे छिद्र जितके मोठे, तितकी जाळी चित्रातून विरते. दूरच्या रांगेतून ती विरत नाही, आणि कॅमेऱ्याचे स्वयंचलित केंद्रीकरण खेळाडूला सोडून तिच्याच धाग्यांवर जाऊन स्थिरावते.

या जाळीला इतिहास आहे. मार्च २००२ मध्ये अमेरिकेतील कोलंबस शहरात एक फटका दिशा बदलून काचेवरून प्रेक्षकांत गेला. त्याने जखमी झालेली तेरा वर्षांची एक मुलगी दोन दिवसांनी मरण पावली. पुढच्या हंगामापासून नॅशनल हॉकी लीगने दोन्ही टोकांना जाळी सक्तीची केली. दृश्य अडते म्हणून ज्या धाग्यांबद्दल तक्रार होते, ते धागे एका मृत्यूनंतर विणले गेले आहेत. निर्वेध पाहण्याचा हक्क असा काही असेल, तर तो शेजारच्या आसनावरील मुलाच्या जिवापुढे गौण ठरतो. सौंदर्याचा प्रश्न येथे नीतीचा प्रश्न होतो, आणि त्याच्या उत्तराविषयी संदेह राहत नाही.

दुसरा विघ्नविचार मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली. प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणे हे त्यांपैकी एक. क्षण हाती लागेल की निसटेल या विवंचनेने ग्रासलेला छायाचित्रकार नेमका या विघ्नाच्या अधीन असतो. काच आणि जाळी बाहेर असतात, हे विघ्न कॅमेऱ्याच्या अलीकडे असते. त्यातून यंत्राची विडंबना अशी की, आरसा असलेल्या कॅमेऱ्यात कळ दाबताच आरसा वर उचलला जातो आणि दर्शिका अंधारते. चित्रात जो क्षण उतरतो, तोच छायाचित्रकाराला दिसलेला नसतो. आरसारहित कॅमेऱ्यांनी हा अंधार बराचसा दूर केला आहे. विवंचना दूर करणारे यंत्र मात्र निघालेले नाही.

म्हणून टिपणे हे पाहण्याचे शत्रूच ठरते काय? २८ सप्टेंबर १९७२ रोजी मॉस्को येथे कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्या मालिकेतील आठवा, निर्णायक सामना संपण्यास ३४ सेकंद उरली असताना पॉल हेंडरसनने विजयी गोल केला. सहकाऱ्याच्या मिठीतील त्याचा आनंद फ्रँक लेनन आणि डेनिस ब्रॉदर या दोघांनी टिपला, आणि दोघांची छायाचित्रे जवळजवळ एकसारखी आहेत. ब्रॉदर १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कॅनडाच्या संघाचा गोलरक्षक होता. चकती कोठून येईल हे ज्याने एके काळी अंगावर झेलून जाणले, त्याचे बोट कळीवर केवळ योगायोगाने पडले असे म्हणवत नाही. ही पूर्वजाणीव वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून येते. कळ दाबतानाचा अंधार त्या साठवलेल्या पाहण्याच्या बळावरच ओलांडता येतो. दोन चित्रांच्या सारखेपणातून आणखी एक गोष्ट सूचित होते: क्षण कोणाच्याही मालकीचा नसतो, छायाचित्रकार त्याचा केवळ साक्षी असतो.

तेव्हा विरोध पाहणे आणि टिपणे यांच्यात नाही; तो साक्षीभाव आणि हव्यास यांच्यात आहे. हव्यासी माणूस उभा राहतो आणि मागच्या रांगेचा सामना हिरावून घेतो. साक्षी बसल्या जागेवरून जे दिसते तेवढे घेतो, आणि काही क्षण कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतेच जाऊ देतो. त्याच्या चित्रात जाळीची पुसट रेघ राहिली तरी ते सदोष ठरत नाही. हे दृश्य कोठून पाहिले आणि कोणासोबत बसून पाहिले, याची ती प्रामाणिक नोंद असते.