भोगीची भाकरी

आधी बसा.

चुलीपुढं पाट मांडलेला आहे. पाठ सैल सोडा. हात मांडीवर राहू द्या. एसटीतून उतरून वेळ झाला तरी रस्ता अंगात चालतच असतो. चालू द्या त्याला. आपसूक थांबेल.

गाव श्रीपूर. तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. जानेवारीची 13 तारीख, पहाट. उद्या संक्रांत. आज भोगी.

बाहेर अंधार आहे, थंडी आहे. आत जाळ आहे.

एक श्वास घ्या. सावकाश.

आधी लागतो तो धूर. धूर ओसरला की त्याच्यामागून दुसरा वास येतो. गोडसर, जड, किंचित आंबूस. हा मळीचा वास, गाळप सुरू असलेल्या कारखान्याचा. गावातल्यांना तो आताशा कळतही नाही. तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला कळतो आहे. चांगला की वाईट ते ठरवू नका. नुसता घ्या.

पुन्हा एक श्वास.

डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. येतानाचा रस्ता अजून पापण्यांमागं आहे.

अकलूजकडून आलात की पंढरपूरकडून, दिसलं तेच. दोन्ही अंगांना ऊस. उसाला आलेले तुरे, उन्हात चंदेरी. पुढं ट्रॅक्टर, त्याच्यामागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं. एसटी मागं मागं. मग बैलगाड्या. एक, आणखी एक, मग रांगच. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज खिडकीतून आत येतो आणि मागं राहतो.

तो आवाज ऐका. येतो. मागं राहतो.

हा मुलूख मुळात कमी पावसाचा. नीरेचं पाणी कालव्यानं आलं आणि इथं ऊस फोफावला. तीच नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि भीमा पुढं पंढरपुरात चंद्रभागा होते. 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी काढली, तिचा साखर कारखाना या श्रीपुरात उभा राहिला. आज इथं श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना ऊस गाळतो.

पाणी, ऊस, धूर, मळी. एवढं पुरे. रस्ता आता सोडून द्या.

डोळे उघडा. परातीकडं पाहा.

परातीत पीठ आहे. बाजरीचं. राखाडी, आणि त्या राखाडीत हिरवट झाक. एरवी या घरात ज्वारीची भाकरी. मंगळवेढा याच जिल्ह्यातलं, मालदांडीची चव इथल्या जिभांवर बसलेली. भोगीला मात्र बाजरीच. बाजरी उष्ण, तीळ उष्ण, थंडीत अंगाला ते हवं, असं जुनी माणसं सांगतात.

चिमूटभर पीठ बोटांत घ्या. चोळून पाहा. नाकाशी न्या. हे दळून फार दिवस झालेले नाहीत. बाजरीचं पीठ ठेवलं की कडू होतं, म्हणून दळायचं ते थोडं थोडंच.

आक्का पिठात पाणी घालतात. कढत पाणी. वाफ मनगटापर्यंत येते.

“बसा की वाईच,” त्या म्हणतात. “घाई न्हाई.”

घाई नाही. हे स्वतःशीही एकदा म्हणा.

आता फक्त हात पाहा.

तळहाताचा मनगटाकडचा भाग पीठ पुढं रेटतो. बोटं ते मागं ओढतात. पुढं. मागं. गव्हाच्या अंगात चिवटपणा असतो, तो बाजरीत नाही. बाजरी स्वतःहून धरून राहत नाही. तिला कढत पाणी लागतं आणि हाताचा रेटा लागतो, आणि तेवढ्यावरही मळलेला गोळा फार वेळ ठेवून चालत नाही. म्हणून एका वेळी एका भाकरीचंच पीठ मळायचं. पुढच्या भाकरीचं पुढं.

मला या कामातली ही गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते. एका वेळी एकच.

पुढं. मागं. तुमचा श्वासही त्याच चालीत येतो आहे का, बघा. येत नसेल तरी असू द्या.

गोळा होतो. हाताशी फिरतो. परातीत कोरडं पीठ भुरभुरतं, त्यावर गोळा बसतो.

आणि आवाज सुरू होतो.

थप. थप. थप.

ऐका. पहिला आवाज जड आहे, कारण गोळा जाड आहे. भाकरी पसरत जाते तसा आवाज पातळ होतो. काठाशी बोटं, मधे तळवा. दर थापेबरोबर भाकरी किंचित फिरते. आक्का तिला फिरवताना दिसत नाहीत, तरी ती फिरते. बांगड्या वाजतात, थांबतात, वाजतात.

तीळ भुरभुरले जातात. थापेखाली जाऊन रुततात.

थप. थप.

थांबा इथं. पुढं काय होणार आहे ते ठाऊक आहे, तरी पुढं जाऊ नका. एवढ्या आवाजापाशी बसा.

थप.

भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलली जाते. क्षणभर ती हवेत आहे, कशालाच टेकलेली नाही. मग तव्यावर.

ओली बोटं तिच्यावरून फिरतात. पाण्याचा पातळ थर, काठापर्यंत. पाहा, तो चकाकतो. पाहा, चकाकी कडेकडून विझत येते. आता मधेच एवढीशी उरली. आता तीही नाही.

उलथणं आत जातं, भाकरी उलटते. तिळाची बाजू तव्याला लागते. तीळ तडतडतात.

वास बदलला. कळला?

मघाचा वास पिठाचा होता, हा भाकरीचा आहे. यांच्यामधला क्षण नेमका कुठला, ते पकडायला जाऊ नका. पुढच्या भाकरीला पुन्हा येईल.

तवा बाजूला सरकतो. चुलीच्या तोंडाशी निखारे ओढलेले आहेत, लाल, वर राखेची साय. भाकरी त्यांच्यासमोर उभी राहते. उभ्या भाकरीच्या पाठीवर जाळाचा उजेड.

काही होत नाही.

बघत राहा.

काही होत नाही.

मग एका कडेला जराशी फुगवटी येते. वर लावलेलं पाणी वाळून पृष्ठ बंद झालेलं असतं. आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिला वाट नसते. ती पापुद्रा उचलते. फुगवटी सरकते, मधोमध येते, दुसऱ्या कडेला पोचते. भाकरी भरते.

तिच्याबरोबर श्वास आत घ्या. भरू द्या.

आता सोडा.

आक्का कड धरून भाकरी फिरवतात. बोटांना चटका बसत नसेल का? बसतो. बोटं सरावलेली आहेत, एवढंच.

पहिली भाकरी देवाची. ती टोपलीत, पदर घेतल्यासारख्या फडक्याखाली जाते.

दुसऱ्या गोळ्याचं पीठ. कढत पाणी. पुढं, मागं.

आता नजर थोडी डावीकडं न्या. चुलीच्या वैलावर पातेलं आहे. झाकण किंचित उचलतं, टेकतं. भोगीची भाजी. शिजताना तिचा एकच वास येतो, पण हळूहळू तो उलगडतो. घाई केली नाही तर.

हरभऱ्याचे सोललेले घाटे. पावटा. घेवडा. वांगी, देठासकट. गाजर. बोरं, त्यांचा आंबटपणा अगदी मागं आहे. शेंगदाणे. कुटलेले तीळ. काळं तिखट, ते सगळ्यांच्या वर.

यातला एकेक वास निवडा आणि त्याच्यापाशी श्वासभर थांबा. मी बोरांपाशी थांबतो. बोरं शिजवून खाण्याचा दिवस हा एवढाच.

यातलं बरंचसं आज शेतात उभं आहे. अंगणातून दहा पावलं गेलं की हरभऱ्याचं वावर. त्याच्या पानांवरची आंब सकाळी बोटांना लागते. भाजीत काय घालायचं, ते शिवारानंच ठरवलेलं आहे.

दुसऱ्या चुलीवर राळ्याचा भात शिजतो आहे. त्याचा आवाज बारीक आहे.

कोपऱ्यात उद्याची तयारी. काळी सुगडं, त्यांना बांधलेला दोरा. शेजारी सुपात गव्हाच्या लोंब्या, घाटे, बोरं, आणि उसाचे करवे. उद्या बायका ववसायला निघतील. इथल्या काही जणी पंढरपूरला रुक्मिणीपर्यंत जातील.

त्यातला एक करवा हातात घ्या.

बोटभर लांबीचा. साल जांभळट हिरवी, पेराशी पांढुरकी भुकटी. गार आहे. आडसाली उसाचा असेल तर तो जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला, पण गेल्या वर्षीच्या नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीच्या. दीड वर्ष तो उभा होता. दोन पावसाळे त्याच्यावरून गेले. उन्हाळ्यात त्यानं कालव्याची पाळी येण्याची वाट पाहिली.

हा तळहातावर ठेवा. वजन जाणवू द्या.

दीड वर्ष. आणि भाकरी फुगायला लागला तो क्षण. दोन्ही एकाच घरात, एकाच सकाळी.

आता कान बाहेर न्या.

लांब कारखान्याची घरघर आहे. ती थांबत नाही म्हणून ऐकू येत नव्हती. तिच्या अलीकडं कुत्रं. त्याच्याही अलीकडं, रस्त्यापलीकडच्या फडातून, सप्. सप्. सप्.

कोयत्याचा आवाज.

ऊसतोडीची टोळी अंधारातच फडात उतरली आहे. माणसं बीडकडची, मराठवाड्यातली, नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातली. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवराबायको दोघं तोडतात, आणि हिशेबात दोघांचा मिळून एक कोयता धरला जातो.

दोन माणसं, एक कोयता. हे ऐकलं की मला पुढचं काही काळ ऐकू येत नाही.

तुम्हीही इथं थांबा. उत्तर शोधू नका, हळहळूही नका. आवाज ऐका.

सप्. सप्.

तोडलेला ऊस पडून राहिला की वजनाला घटतो, त्यातली साखर घटते. म्हणून तोड भोगीला थांबत नाही, संक्रांतीलाही नाही. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या आहेत. कोपीपुढं तीन दगडांची चूल. तिथली बाई कोयता हातात घेण्याआधी भाकरी करून गेली आहे. तीही थापली आहे, तीही निखाऱ्यापुढं उभी राहिली आहे, तीही फुगली आहे. ती फुगताना तुम्ही तिथं नव्हता. कुणीच नव्हतं, तिच्याशिवाय.

तिच्यासाठी आता बघा.

डोळे मिटा. तीन दगड. वाऱ्यानं आडवा होणारा जाळ. भाकरी.

सण घरचा असतो, असं आपण म्हणतो, आणि गावी जातो. गाडी पकडतो, पिशव्या सांभाळतो, दारात पोचतो. तिचं दार दीडशे-दोनशे किलोमीटर मागं आहे आणि ते बंद आहे. एखादी म्हातारी असेल तिथं, शाळेसाठी ठेवलेल्या नातवाबरोबर. त्या म्हातारीच्या चुलीवरही आज बाजरीच असेल.

तीन चुली. एक आत्ता तुमच्या समोर. एक रस्त्यापलीकडं. एक लांब, डोंगराच्या कडेच्या गावात.

तिन्हींकडं एकदम पाहता येतं का, बघा. जमलं नाही तर समोरचीकडं परत या. ती पेटलेली आहेच.

आक्कांनी फडकं पसरलं आहे. दोन भाकऱ्या, मधे भाजी, वर लोण्याचा गोळा, कडेला शेंगदाण्याची चटणी. आज भोगी द्यायची असते. शेजारी, सवाष्णीला, भाऊबंदांत. आक्का फडक्याला गाठ मारतात आणि तुमच्या हातात देतात.

“फडाकडं जावा,” त्या म्हणतात. “पयल्या कोपीत द्या. मी इचारलंय म्हणून सांगा.”

उठा.

पायांना मुंग्या आल्या असतील, जरा उभे राहा. मग चला. हातातलं गरम आहे. बाहेर उजाडलं आहे, पण ऊन अजून नाही. पाचटावर दव आहे. चालताना ते पायाखाली वाजत नाही, ओलं असल्यामुळं. चालण्यावर लक्ष राहू द्या. टाच, चवडा. टाच, चवडा. ऊब तळहातांतून मनगटात येते आहे.

गाडीवानानं बैल सोडून वाढं टाकलं आहे. बैल खात आहेत. त्यांच्या जबड्यांचा आवाज.

पहिली कोपी.

बाई फडातून येते. डोक्याला फडकं, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या बोटांपर्यंत; उसाची पात कापते म्हणून. ती हात शर्टाला पुसते. पुन्हा पुसते. मग भाकरी घेते.

“कुठून आलात?” ती विचारते. तुम्ही सांगता. तुम्हीही विचारा. ती तिच्या गावाचं नाव सांगेल. ते नीट ऐका, विसरू नका.

फडकं रिकामं परत द्यायचं नसतं. ती कोपीत वाकून जाते. आतून डबा उघडल्याचा आवाज येतो. परतते ती तिची भाकरी घेऊन. आक्कांच्या भाकरीहून जाड आहे, एका बाजूनं थोडी करपली आहे, आणि तीळ मात्र दाट आहेत.

“घरची बाजरी हाय,” ती म्हणते. “खाऊन जा.”

तिथंच बसा, उसाच्या मोळीवर. तुकडा मोडा. चावा. बाजरीचा दाणा खरबरीत लागेल, मग गोडी येईल, थोड्या उशिरानं. ती येईपर्यंत चावत राहा.