टाळ सर्वांच्या हाती

नवविधा भक्तीत कीर्तनाचे स्थान दुसरे, आणि कीर्तन म्हटले की सूर-ताल आलाच. तेव्हा मुलांना गाणे-वाजवणे शिकवावे की नाही, हा प्रश्न वारकऱ्यापुढे उभाच राहत नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शिकवायचे कोणाला? ज्याचा गळा गोड आणि हात तयार, त्याला. की जो समोर येऊन बसला त्या प्रत्येकाला?

हा प्रश्न आज मंदिरापेक्षा शाळेत जास्त टोचतो. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या हायस्कुलांत 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि मराठवाडा मुक्तीचा 17 सप्टेंबर हे दिवस जवळ आले की बँडपथकाचा सराव सुरू होतो. कुठे ढोल, ताशा, बिगूल आणि झांज असते, कुठे नुसते लेझीम. परिपाठाला पेटी-तबल्यावर प्रार्थना होते. अशाच एका शाळेत मी मुलांना हरिपाठ शिकवायला जात असे. स्पर्धा तोंडावर आलेली. पथकात एक मुलगा होता, तो समेवर हमखास एक मात्रा आधी पडायचा. पथक बसवणारे गुरुजी मला म्हणाले, “महाराज, या एकामुळे बाकीच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते. त्याला वगळले तर ते पाप होईल का?”

गुरुजींचा पूर्वपक्ष हलका नव्हता. ताल कोणाची भीड धरत नाही. कीर्तनात मागे वीस-पंचवीस टाळकरी उभे असतात. त्यांतला एक जरी लय सोडून गेला तरी चाल मोडते, मृदंगाचार्याचा हात अडखळतो आणि बोलणाऱ्याचे चित्त उडते. देवाला फूल वाहायचे ते किडके वाहत नाहीत. मग सेवा बेताल का करावी? शिवाय ज्या मुलांनी पहाटे उठून सराव केला, त्यांच्यावर अन्याय का करावा? दयेच्या नावाखाली काम बिघडू देणे हा काही धर्म नव्हे. इतके सर्व मान्य करूनच पुढे विचार करावा लागतो.

आता दिंडीची मांडणी पाहा. वीणा एकाच्या गळ्यात. सप्ताहात तो वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलला की या गळ्यातून त्या गळ्यात जातो. मृदंग एक-दोघांकडे, कारण त्याला वर्षे द्यावी लागतात. धुमेला कणीक किती लावायची हे कोणी वजन करून सांगत नाही, ते कानाने कळावे लागते. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की चढतो. आणि टाळ? तो सर्वांच्या हाती. सात वर्षांचे पोर आणि सत्तर वर्षांचा म्हातारा एकाच रांगेत टाळ धरतात. ज्याला टाळ जमत नाही तो टाळी वाजवतो. त्याच्याही पलीकडे पताका आहे, डोक्यावरचे तुळशीवृंदावन आहे, पाण्याचा हंडा आहे. वाद्ये अवघड-सोपी अशी लावलेली आहेत, पण माणसे आतली आणि बाहेरची अशी लावलेली नाहीत. “तुझा सूर लागत नाही, तू घरी जा” असे सांगायला दिंडीत कोणाचीच नेमणूक नसते.

यावर शंका अशी येईल, की मग शिस्त कशी राहते? शेगावची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पंढरीला जाते. पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांच्या त्या रांगा आणि एका ठोक्यावर पडणारी पावले पाहायला लोक रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे राहतात. त्या रांगेत सगळेच गोड गळ्याचे असतील असे नाही. ते एकत्र पडणारे पाऊल सरावाचे आहे. शिस्त ही निवडून आणायची वस्तू नव्हे, ती शिकवून आणावी लागते.

ज्यांनी शिकवण्याची दारे उघडली त्यांचेही स्मरण करावे. विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 साली कुरुंदवाडला एका कीर्तनकाराच्या घरी जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. त्या काळी विद्या घराण्याच्या उंबऱ्याआड राहत असे. त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि सामान्य घरांतल्या मुलांना वर्गात बसवून गाणे शिकवले. पुढे 1917 साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांच्या त्या शिक्षणासाठी मराठवाड्यातल्या किती कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले आळंदीला गेली, हे आपण गावोगावी पाहतोच. दोघांनीही हेच दाखवले, की विद्या वाटल्याने पातळ होत नाही.

आणि आपली जनाबाई? गंगाखेडच्या त्या लेकीची परीक्षा घेऊन तिला गायनाच्या वर्गात कोणी घेतले होते? जात्याची घरघर हाच तिचा सूर आणि खुंट्यावरचा हात हीच तिची लय. तिच्याच जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या मुलींच्या हाताला पखवाज लागू दिला नाही, हे आठवले की जीव चुटपुटतो. आता मुली मृदंग शिकू लागल्या आहेत. त्यांना पुढच्या रांगेत जागा द्यावी.

अलीकडे एक नवा धागा यात गुंतला आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. पालक विचारतात, “महाराज, पखवाजाची परीक्षा किती दिवसांत होईल?” गुण मिळाले तर अवश्य घ्यावेत, गरिबाच्या लेकराला त्यांचा आधार होतो. पण गुणांसाठीच धरलेला पखवाज दहावी झाली की माळ्यावर जातो. आणि ज्याला गुण मिळण्याची आशा नाही, त्याला मग कोणी शिकवीतही नाही. बक्षिसाचेही तसेच आहे. फळ हेच कारण झाले की कच्चे पोर आधी गळते.

मग संगीत शिकवायचे कशासाठी? माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर नवविधा भक्तीच्या क्रमातच आहे. कीर्तन दुसरे, त्याच्या आधी श्रवण. पथकात वाजवणाऱ्याला स्वतःच्या ठोक्यापेक्षा शेजाऱ्याचा ठोका जास्त ऐकावा लागतो. आपला आवाज कुठे कमी करायचा, कोणासाठी थांबायचे, कोणाला सावरून घ्यायचे, हे कान शिकतो आणि मग मनही शिकते. हुशार मुलगा हुशारांतच वाजवत राहिला तर त्याचा हात तयार होईल, पण हे श्रवण त्याला घडणार नाही. कच्च्याला पक्क्याची गरज आहे तितकीच पक्क्याला कच्च्याची.

गुरुजींना मी इतकेच सांगितले: त्याला वाद्य देण्याआधी बोल तोंडी म्हणायला लावा, मात्रा बोटांवर मोजू द्या. रोज शाळा भरण्याआधी अर्धा तास एखादा तयार मुलगा त्याच्याबरोबर बसवा. हातात झांज द्या आणि फक्त समेवरच वाजवायला सांगा. स्पर्धेच्या दिवसापर्यंत जमले नाही तर त्या दिवशी त्याच्या हाती ध्वज द्या. पण पथकातून नाव काढू नका. एक दिवस न वाजवणे वेगळे आणि “तू आमच्यातला नाहीस” असे ऐकणे वेगळे. ताल सोडायचा नाही आणि लेकरूही सोडायचे नाही. या दोन्हींची ओढाताण सोसणे हेच शिक्षकाचे तप आहे.

गुरुजींनी तसे केले. मुलगा समेवर येऊ लागला, त्यालाच त्यांनी झांज दिली, आणि बक्षीस दुसऱ्या शाळेने नेले. पथकाचा बराचसा वेळ त्या एकावर गेला होता, हे खरे. गुरुजी खट्टू झाले आणि त्यांचे खट्टू होणे रास्त होते. धर्माने वागले की पदरात लगेच फळ पडते असे मी कीर्तनात कधी सांगितले नाही, येथेही सांगत नाही. तो मुलगा गवई झाला नाही. कार्तिकात गावच्या काकड्याला टाळ धरतो, एवढेच.

पण गावचा काकडा चालतो तो अशा ‘एवढेच’ करणाऱ्यांवर. म्हणून सज्जनहो, एक विनंती आहे. गावच्या मंदिरातला मृदंग कुलपात ठेवू नका. जुने टाळ दोरी बदलून शाळेला द्या. ज्यांना चाली येतात त्यांनी आठवड्यातून एक तास मुलांत जाऊन बसा, आणि बसाल तेव्हा ज्याचा ठोका चुकतो त्याच्या शेजारी बसा.

रामकृष्ण हरी.