खोटी नाणी, खरी नियत

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा भाचा पुण्याहून एक खेळ घेऊन आला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. यात प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, एकाने गोष्ट चालवायची आणि यशापयश फाशांवर सोडायचे. पात्राची ताकद, शस्त्रे आणि कमाई कागदावर लिहीत जायची. आम्ही योद्धा झालो.

दुसऱ्याच रात्री गुहेत खजिना सापडला. पेट्या बाहेर आणल्या त्या आम्ही भाड्याने घेतलेल्या दोन हमालांनी. वाटणीच्या वेळी शेजारचा पोरगा म्हणाला, “सर, त्यांनाही थोडा हिस्सा देऊ या.” आम्ही तडकाफडकी उत्तरलो, “ठरलेली मजुरी दिली आहे. पुरे झाले!”

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, असे आम्ही वर्गात शिकवतो. त्या रात्री झोप लागेना. उठून नियमांचे पुस्तक चाळले. २०१४ च्या आवृत्तीत दहा चांदीच्या नाण्यांचे एक सोन्याचे नाणे होते. साध्या मजुराची रोजची मजुरी चांदीची २ नाणी. गरिबीत दिवस काढण्याचा रोजचा खर्चही तेवढाच, २ नाणी. म्हणजे शिल्लक शून्य! आमच्या योद्ध्याला हवे असलेले पोलादी चिलखत सोन्याच्या १५०० नाण्यांचे. त्यासाठी मजुराने ७५०० दिवस, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, उपाशीपोटी राबायचे.

कोणी म्हणेल, हा तर खेळ आहे, नाणी खोटी आहेत. मान्य. पण नाणी खोटी म्हणून कंजुषीही खोटी ठरते काय? खऱ्या आयुष्यात हात आखडला की आमच्याकडे सबबी असतात: मुलांची फी, घराचा हप्ता, आईचे औषधपाणी. खेळात यातले काहीच नव्हते. देऊन आमचे काहीही कमी होणार नव्हते, तरी हात आखडला. सबबी वजा केल्यावर जे उरते तीच माणसाची नियत.

या खेळाने संपत्तीला दोन मापे लावली. सुरुवातीच्या नियमांत सोन्याचे एक नाणे आणले की अनुभवाचा एक गुण मिळे, म्हणजे जितके धन तितका माणूस मोठा. पण १९७८ च्या नियमपुस्तकात ‘पॅलाडिन’ नावाचा धर्मयोद्धाही आहे. त्याने कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा आणि गरजेपुरतेच जवळ ठेवायचे. आपल्याकडे जकात कमाईवर नव्हे, तर वर्षभर साठून राहिलेल्या धनावर, अडीच टक्के. हिशेब वेगळा, पण हाताशी आले ते सगळे आपले नव्हे, ही जाणीव एकच.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या हिश्शातून हमालांना वाटा दिला. भाचा हसला, “मामू, नियम बदलला का?”

“नियम तोच आहे. कमीत कमी किती द्यायचे ते तो सांगतो. जास्त देऊ नका, असे कुठे लिहिले आहे?”

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात वही न आणणारा एक मुलगा समोर उभा राहिला. त्याचे अब्बा बाजारात हमाली करतात. गेल्या वर्षी याच कारणासाठी आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे केले होते. या वेळीही रागाचे शब्द ओठांपर्यंत आले, पण त्याआधी मनात हिशेब झाला: मजुरी दोन, खर्च दोन, शिल्लक शून्य. आम्ही त्याला आत बसायला सांगितले.